उलटा फेरा

पलंग काही केल्या सुटेना. घर बदलायचं म्हणून सामान हलवणारी पोरं सकाळीच आली होती. दहाच्या आत स्वयंपाकघर खोक्यांत गेलं, पुस्तकांच्या गोण्या बांधून झाल्या, फ्रिज चादरीत गुंडाळून जिन्याने खाली उतरला, आणि बेडरूममधला पलंग मात्र होता तिथेच. त्यांच्यातल्या एकाच्या कमरेला स्क्रू गन लटकत होती. विशीतला पोरगा, बोलायला कमी आणि कामाला चपळ. गनचं टोक स्क्रूच्या फुलीत टेकवायचं, ट्रिगर दाबायचा, की स्क्रू गिरक्या घेत वर येई आणि तो डाव्या हाताने झेलून खिशात टाकी. बघत राहावं असं काम. असे बाकीचे सगळे निघाले, डोक्याकडच्या फळीच्या आतल्या कोपऱ्यातले दोन तेवढे राहिले. गनच्या टोकाची बिट फुलीत बसायची, गर्रकन फिरायची आणि कर्रर्र करत वर उसळायची. दर खेपेला फुलीच्या कडा थोड्या झिजायच्या, लोखंडाचा चमकदार कीस फळीवर सांडायचा. शेवटी फुलीच्या जागी नुसता गोल खड्डा उरला. "डोकं गेलं याचं," तो म्हणाला. "लावणाऱ्यानं गन फुल्लवर ठेवून दाबलंय. आता नाय निघायचं." मग दुसऱ्याने पहार आणली. प्लायवूडचे थर एकमेकांपासून सुटताना कडकडून आवाज झाला, फळीचा कोपरा फुटला आणि पलंग सुटला. "तिकडं गेल्यावर सुतार बोलवा ताई, तासाभराचं काम आहे," एवढं सांगून ते खाली गेले.

फळीचं एवढं काही नव्हतं. तसा कोपरा पाचशे-सातशेत नवा बसतो, बसलाही. मनात राहिलं ते वेगळंच. हा पलंग स्क्रूने जोडला होता तो कशासाठी? उद्या घर बदललं तर उघडता यावा म्हणूनच ना? नाहीतर खिळे काय वाईट होते! खिळा ठोकणारा निदान आव तरी आणत नाही. तो सरळ सांगतो, मी आत चाललो, बाहेर काढायचं असेल तर लाकूड फाडा. स्क्रूला आटे असतात ते आत जाताना जितके कामाचे, तितकेच बाहेर येताना. पण गनने शेवटपर्यंत पिळून बसवलेल्या त्या दोन स्क्रूंचा खिळा झाला होता.

ते स्क्रू बसवताना मी समोर होते. राजस्थानातून आलेला सुतार, बरोबर एक पोरसवदा मदतनीस. दुपारच्या चहाला त्यांना हाक मारायला गेले तर अर्धा पलंग उभा होता, कप परत न्यायला गेले तर झोपून बघण्याइतका झाला होता. भरभर, न थांबता, टर्र, टर्र, टर्र. खोलीत ताज्या प्लायचा आणि फेविकॉलचा वास, फरशीवर पिवळट भुसा, आणि गनच्या टोकाशी असलेला छोटा दिवा ट्रिगर सोडल्यावरही क्षणभर तेवत राहायचा. त्या वेगाचं मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं. लहानपणी आमच्याकडे यायचे त्या सुतारकाकांनी एवढ्या वेळात पिशवी उघडून तंबाखू मळली असती, फारफार तर.

सुतारकाकांची ती पिशवी म्हणजे गोणपाटाची, दोन्ही बाजूंना दोरीचे बंद असलेली. तिच्यात रंधा, पटाश्या, गुण्या, गिरमिट, आणि कापडात गुंडाळलेले तीन पेचकस. लाकडी मुठीचे, हाताच्या तेलाने काळेभोर झालेले. शिवाय धुण्याच्या साबणाची एक वडी असायची, ती कशाला हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. स्क्रू लावायच्या आधी काका गिरमिटाने छिद्र पाडायचे, मग स्क्रू त्या वडीवर खसाखसा घासायचे. आट्यांमध्ये साबण बसायचा आणि सागवानात स्क्रू कुरकुर न करता उतरायचा. पितळी स्क्रू असेल तर आणखी एक सोपस्कार. पितळ मऊ, कठीण लाकडात मुंडकं तुटतं. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू त्या भोकात पूर्ण पिळायचा, तो परत काढायचा, आणि झालेल्या वाटेने पितळी आत सोडायचा. एका कडीला चार स्क्रू, म्हणजे आठ वेळा पिळणं आणि चार वेळा काढणं. मी शेजारी उकिडवी बसून स्क्रू हातात द्यायचे. शेवटचा पाव फेरा आला की काकांचा चेहरा बदलायचा. तोंडातली तंबाखू थांबायची. पेचकस अगदी किंचित फिरायचा, थांबायचा, पुन्हा किंचित. आणि मग चारही स्क्रूंच्या खाचा एका ओळीत उभ्या. एकही तिरपी नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "आडवी खाच धूळ धरते." त्यांना ते बघायला आवडत असणार, हे मला आता वाटतं.

इथे मला भीती वाटते ती स्वतःचीच. जुन्या हातांबद्दल लिहायला लागलं की लेखणीला उगाच गोडवा येतो. म्हणून लगेच सांगून टाकते, की आमच्याकडे आलेले सगळे सुतार काही असे नव्हते. बहुतेक जण स्क्रू हातोडीने ठोकायचे. हो, सरळ ठोकायचे, खिळा ठोकावा तसा, आणि वर शेवटचे दोन फेरे पेचकसने द्यायचे, घरमालकाला दिसावं म्हणून. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत आत जातो, आट्यांना धरायला काही उरत नाही. आमच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटाचं दार एका गणपतीत, ऐन नैवेद्याच्या गडबडीत, बिजागरीसकट हातात आलं होतं. चारही स्क्रू सुळकन बाहेर. बाबांनी ती भोकं आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरून बुजवली आणि त्यांतच नवे स्क्रू पिळले. तो उपाय मी आजही करते, आणि खरंच टिकतो. सांगायचं ते हे, की गनने जे काही घालवलं असेल ते असेल, पण हातोडीने स्क्रू ठोकणं मात्र तिने जवळजवळ संपवलं. पिळणं हे ठोकण्यापेक्षा सोपं झालं की माणूस ठोकेल कशाला?

आणि काकांचं मनगट. ते मी नंतर पाहिलं. साठीच्या आतच उजव्या हातात कप धरताना त्यांचा हात थरथरायचा आणि अंगठ्याच्या बुडाशी गाठ आली होती. पेचकस पिळताना तळहात, मनगट आणि कोपर यांची जी कसरत होते ती दिवसाला दहा स्क्रूंसाठी ठीक आहे. आता हिशोब करून बघा. आजच्या एका साध्या मॉड्युलर किचनला समजा दहा दारं. प्रत्येकाला दोन बिजागऱ्या, एका बिजागरीला चार स्क्रू, म्हणजे ८०. सहा ड्रॉवर, प्रत्येकाला दोन बाजूंना सरकणारी पट्टी, एका पट्टीला सहा स्क्रू धरले तर आणखी ७२. हे झाले नुसते हलणारे भाग. खोके जोडायचे, भिंतीला टांगायचे, हँडलं लावायची ती वेगळीच. हे सगळं कुणी हाताने पिळावं असं म्हणणाऱ्या माणसाने आधी एक ड्रॉवर स्वतः लावून दाखवावा. हाताच्या कामाचं कौतुक बहुधा त्यांनाच असतं ज्यांना ते रोज करावं लागत नाही.

माझी गन मी बोहरी आळीतून घेतली. नव्या घरात पडदे, फळ्या, आरसे, बाथरूममधला टॉवेलचा दांडा, सगळंच लावायचं होतं. रविवार पेठेतल्या त्या गल्लीत शिरलं की ग्रीस, नवा रबर आणि सुतळी यांचा जो मिश्र वास येतो तो मला लहानपणापासून आवडतो, बाबांबरोबर जायचे. दुकानदाराने आधी विचारलं, "कोण वापरणार?" मी म्हटलं मीच. त्याने वरच्या फळीवरची मोठी गन खाली काढता काढता परत ठेवली आणि लहान दाखवली. मला राग यायला हवा होता, पण त्याचं बरोबर होतं. मोठी हातात घेऊन पाहिली तर मूठ पंजात मावत नव्हती आणि बॅटरीसकट तिचं वजन असं, की हात वर करून दोन मिनिटांत खांदा बोलू लागेल.

त्याच्याकडूनच व्होल्टचं एक गुपित कळलं. खोक्यावर १२ लिहिलेली गन खरं म्हणजे १०.८ ची असते. आत ३.६ व्होल्टचे तीन सेल ओळीने जोडलेले. नुकत्याच चार्ज केलेल्या सेलमध्ये थोडं जास्त भरतं म्हणून १२ म्हणायचं. तसंच पाच सेलचे होतात १८, आणि काही कंपन्या त्यालाच २० म्हणतात. दोघेही एकच माल विकतायत, फक्त एक जण सकाळचं वजन सांगतोय आणि दुसरा जेवणानंतरचं. पदपथावरच्या गनवर ४८ आणि ८८ असेही आकडे छापलेले असतात, त्यांच्याबद्दल दुकानदार नुसता हसला.

गनच्या तोंडामागे एक कडं असतं, आकडे लिहिलेलं. एकपासून अठरा-वीसपर्यंत आणि शेवटी ड्रिलचं चित्र. माझ्या मते सगळ्या यंत्रातला शहाणा भाग तो. आकडा तीनवर ठेवला तर स्क्रूने थोडाही जोर मागितला की आतला क्लच सुटतो, टर्रर्र असा आवाज येतो आणि मोटर फिरत राहिली तरी बिट थांबते. पंधरावर ठेवला तर बराच जोर लागेपर्यंत पिळत राहते. आणि ड्रिलच्या चित्रावर ठेवलं तर क्लच सुटतच नाही. मोटरमध्ये जेवढा दम आहे तेवढा सगळा स्क्रूच्या डोक्यावर. माझी लहानशी गनसुद्धा तीसेक न्यूटन मीटर (हे पिळण्याच्या जोराचं माप) पिळू शकते. हाताने पिळताना बहुतेकांना त्याच्या चौथाईतच दम लागतो. सुतारकाकांच्या त्या शेवटच्या पाव फेऱ्यात जे होतं, तंबाखू थांबवून मनगटाने विचारलेलं 'बास का?', त्याची एक ओबडधोबड नक्कल या कड्यात करून ठेवलेली आहे. ओबडधोबड, पण आहे.

आणि ते कोणी वापरत नाही.

नव्या घरात कपाट लावायला आलेल्या सुतारालाही मी पाहिलं, त्याचं कडं ड्रिलच्या चित्रावर होतं, आणि कड्यावर साचलेल्या धुळीवरून ते कित्येक महिन्यांत फिरलं नसावं. मी विचारलं, तेव्हा त्याने मला वेड्यात काढलं नाही. म्हणाला, "मैडम, हर स्क्रू के लिए नंबर घुमाऊँगा तो शाम हो जाएगी." काम चौरस फुटाच्या दराने घेतलेलं. मग बोलता बोलता म्हणाला, पूर्वी अशा कपाटाला चार दिवस मिळायचे, आता मशीन आहे म्हणून लोक दोनच देतात. म्हणजे गनने वाचवलेले दोन दिवस त्याच्या वाट्याला आलेच नव्हते. ते माझ्याकडे आले होते, मला घर लवकर लागायला हवं होतं. पलंगाच्या फुटलेल्या कोपऱ्याबद्दल मी आतापर्यंत यंत्राला आणि मग त्या पहिल्या सुताराला बोल लावत होते. दराचा कागद मात्र मी सही करून कपाटात ठेवला होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

स्क्रू गन या नावाला खरी पात्र असलेली गन मात्र मी शेजारच्या फ्लॅटमध्ये पाहिली, फॉल्स सीलिंगचं काम चाललं होतं तेव्हा. आपण सरसकट सगळ्यालाच स्क्रू गन म्हणतो, पण जिप्समच्या पाट्या ठोकणाऱ्यांची गन वेगळी. तिला आकड्यांचं कडं नसतं. टोकाला एक सुळका असतो, त्यातून बिटचं तोंड जेमतेम बाहेर. मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेरे घेणारी मोटर, पण स्क्रूचं डोकं पाटीत शिरलं आणि सुळका पाटीला टेकला की बिट जागच्या जागी थांबते. किती जोर लागला याच्याशी तिला घेणंदेणं नाही. किती खोल गेला एवढंच ती मोजते. जिप्समच्या पाटीवर कागद असतो आणि सगळी पकड त्या कागदात. डोकं कागदाच्या किंचित खाली बसलं पाहिजे आणि कागद फाटला नाही पाहिजे. फाटला तर स्क्रू आत नुसत्या जिप्सममध्ये उभा, तो काही धरत नाही. लाकडी घोड्यावर उभा असलेला तो माणूस मान मागे टाकून दिवसभर हेच करत होता. भुवया आणि पापण्या पांढऱ्या, डोळे किलकिले. स्क्रू बिटच्या चुंबकावर लटकवायचा, टेकवायचा, दाबायचा, ट्झिक. पुढचा. लावून झालेल्या पाटीवर मी खालून बोट फिरवून पाहिलं तर प्रत्येक ठिकाणी जेमतेम जाणवेल एवढी खळगी, सगळ्या सारख्या. हे छताला हात करून पेचकसने करायचं म्हटलं असतं तर हा धंदा जन्मालाच आला नसता.

तिथेच बिनवायरीचं महत्त्वही कळलं. त्यांच्यातल्या एकाची गन वायरची होती. तो दर दहा मिनिटांनी खाली उतरायचा, वायर घोड्याच्या पायात अडकलेली सोडवायचा, बोर्ड बदलायचा. पण संध्याकाळी तोच एकटा काम करत होता, कारण बाकीच्यांच्या बॅटऱ्या बसल्या होत्या आणि चार्जरवर ओळ लागली होती.

बॅटरीवर चालणाऱ्या या यंत्रांबद्दल एक कथा सगळीकडे फिरत असते, की ती नासाने चंद्रावर जायला शोधली. तसं नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीने बिनवायरीचं ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आणलं होतं, निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवरचं. चंद्रावर बॅटरीचं ड्रिल गेलं हे मात्र खरं, आणि त्यातला एक प्रसंग मला पलंगाच्या निमित्ताने फार आठवला. १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटने मातीचा खोल नमुना घ्यायला नळी जमिनीत घातली, साधारण अडीच मीटर. घालताना यंत्र होतं. काढायची वेळ आली तेव्हा ती हलेना. चंद्रावरची माती वरवर पिठी, पण थोडं खाली गेलं की घट्ट दाबलेली. शेवटी स्कॉट आणि त्याचा सहकारी आयर्विन या दोघांनी तो अवजड पोशाख घालून खांदे लावले तेव्हा कुठे ती नळी वर आली. चंद्रावर, सगळ्या जगाच्या पैशांतून नसेल पण अमेरिकेच्या तिजोरीतून गेलेल्या माणसांना, आमच्या बेडरूममधल्या पोरांनी केलं तेच करावं लागलं!

आत घालणं आणि बाहेर काढणं यांत हा जो फरक आहे तो हातालाही असतो. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करताना तळहात वर वळतो आणि दंडाचा मोठा स्नायू मदतीला येतो. सोडवताना तो येत नाही. म्हणून आपणच घट्ट केलेलं बरणीचं झाकण आपल्यालाच उघडत नाही. माझी मुलगी डावखुरी आहे, तिचं नेमकं उलट. तिने लावलेले स्क्रू ढिले राहायचे आणि काढायला मात्र तिलाच बोलवायचं. गनला हे काही नसतं. ट्रिगरजवळची कळ एका बाजूने दाबली की पुढे, दुसऱ्या बाजूने दाबली की मागे. दोन्हीकडे जोर तेवढाच. मग गनने लावलेला स्क्रू गनने का निघू नये? तर मध्ये ती फुली येते. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाने ओळखली जाणारी ही फुली १९३६ च्या सुमाराला मोटारींच्या कारखान्यात पोचली, कॅडिलॅकने ती आधी घेतली. तिचा मोठा गुण असा, की बिट आपोआप मधोमध जाऊन बसते, सरळ खाचेत सटकते तशी सटकत नाही. यंत्राने स्क्रू लावायचे तर हे हवंच. पण तिच्या भिंती उतरत्या आहेत. जोर वाढला, मागून दाब कमी पडला, की बिट त्या उतारावरून वर सरकते आणि सरकताना कडा खाऊन टाकते. कॅनडात रॉबर्टसनची चौकोनी खाच चालते, मोटारींत सहा पाकळ्यांची टॉर्क्स; दोन्ही फुलीपेक्षा कितीतरी घट्ट पकडतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मात्र फुलीचं राज्य आहे, आणि त्यातही काळ्या स्क्रूंचं.

काळ्या स्क्रूंबद्दल जरा बोललंच पाहिजे. ते जिप्समच्या पाट्यांसाठीचे. टोकदार, स्वस्त, गनवर पटकन चढतात, छिद्र न पाडता आत जातात, म्हणून सुतार मंडळी पलंगापासून देवघरापर्यंत सगळीकडे तेच मारतात. पण ते कडक केलेल्या पोलादाचे असतात, वाकायच्या ऐवजी तुटतात. जास्त पिळले की मुंडकं हातात आणि धड लाकडात. वरचा काळा थर ओलाव्याला फारसा टिकत नाही. आमच्या जुन्या सिंकखालच्या कपाटातले दोन पावसाळ्यांत लालेलाल झाले होते. सुताराला पहिल्या दिवशीच सांगावं, लाकडाला लाकडाचे स्क्रू, आणि पाण्याजवळ स्टेनलेस स्टीलचे. तो कुरकुरेल. पैसे आपण द्यायचे.

माझ्या गनची एक बॅटरी आता थकत चालली आहे. पूर्वी एका चार्जवर अख्खं बुकशेल्फ व्हायचं, आता दोन फळ्यांनंतर दिवा लुकलुकतो. दुकानदार म्हणतो, दोन नव्या बॅटऱ्या घ्याल तर नव्या मशीनच्या जवळपास जाल. दुसऱ्या कंपनीची बॅटरी या गनला बसत नाही. प्रत्येकीची खाच वेगळी, मुद्दाम. ही गन स्वतः ठणठणीत आहे, मोटर, कडं, कळ, सगळं. तरी भविष्य त्या तीन सेलच्या हाती. बाबांचा पेचकस, पारदर्शक हिरव्या मुठीचा, अजून माझ्याकडे आहे, आणि त्याला वर्षातून एकदाही काही लागत नाही. कुठे खोलीच्या कोपऱ्यात गन शिरत नाही तिथे तोच लागतो. शिवाय नुसता ढिला झालेला एक स्क्रू आवळायला गन बाहेर काढणं, बॅटरी लावणं, बिट शोधणं म्हणजे शुद्ध आळस लपवायचा प्रकार.

पण आईचं मत वेगळं आहे. तिच्या बोटांत संधिवात आहे, पेचकसची मूठ तिच्या हातात वळत नाही. गेली काही वर्षं तिच्या कुकरचं हँडल ढिलं झालं की ती कुणी घरी यायची वाट बघायची. प्लंबर, गॅसवाला, वॉचमन, जो येईल त्याच्या हातात कुकर. आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने मला गन वापरताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती ओट्यापाशी उभी, कुकर आडवा, गन दोन्ही हातांत. कडं तिने तीनवर ठेवलं होतं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "हँडल तडकतं ना जास्त आवळलं की." बेकेलाइटचं काळं हँडल किती नाजूक हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं, यंत्रावरच्या आकड्यांचा अर्थ तिने त्या हँडलावरून लावला. टर्रर्र झालं, ती थांबली, हँडल हलवून पाहिलं, समाधान झालं. मग तव्याचं, मग कढईच्या झाकणाचा गोळा, मग माझ्या ड्रॉवरची हँडलं, जी ढिली आहेत हे मला माहीतच नव्हतं.

माझी गन तिला जड होते. म्हणून मागच्या आठवड्यात तिला घेऊन पुन्हा बोहरी आळीत गेले. दुकानदाराने एकच सेल असलेली, ३.६ व्होल्टची, मनगटाएवढी लहान गन काढली. आईने ती उलटी करून, सरळ करून, कळ दोन्हीकडे दाबून पाहिली. मग विचारलं, "याची बॅटरी गेली की?"

"ती आतच बसवलेली असते आजी. बदलत नाही. मग नवीनच घ्यायची."

"किती दिवस जाईल?"

"घरगुती वापर ना? चार-पाच वर्षं आरामात."

आई अठ्ठ्याहत्तरची आहे. तिने थोडा हिशोब केला. "पुष्कळ झाली," ती म्हणाली. "आता कमी किती करताय ते बोला."